मौनाच्या सोमवारी काढलेली दारं

श्रावणातल्या सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत बोलत नाही. सासूबाईंनी दिलेलं व्रत आहे, अठरा वर्षं झाली. गावानं मला पाणलोट समितीची अध्यक्ष केलं ते याच गुणावर, असं आमचे हे म्हणतात. कागदावर बाई पाहिजे होती, आणि शक्यतो न बोलणारी.

बंधारा आमच्या नाल्यावर, पण त्याची लोखंडी दारं यवतमाळच्या जलसंधारण ऑफिसची. पावसाळ्याआधी ती ऑफिसच्या माणसांनी काढायची, पावसाळा सरला की लावायची. गावानं हात लावायचा नाही. त्या वर्षी माणसं आलीच नाहीत. मी तीन अर्ज पाठवले होते.

त्या सोमवारी मी महादेवाला बेल वाहत होते, तर समितीतले किसनराव पावसात भिजलेले दारात. "बेबीताई, चाला लवकर! पाणी भागीरथाच्या पऱ्हाटीत घुसून राह्यलं."

भागीरथा बंधाऱ्याजवळ उभी होती, डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ. एकटी बाई, दीड एकर कपाशी. पहिलं बी उगवलंच नाही म्हणून तिनं दुबार टोबलं होतं. तिसऱ्यांदा टोबायला हंगाम उरला नव्हता. दारांमुळे नाला तुंबला होता आणि पाणी तिच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून आत चाललं होतं.

किसनरावांनी मोबाईलवर यवतमाळच्या साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "अध्यक्षांना द्या. त्यांनी तोंडी विनंती केली की मी वर विचारतो."

"त्याइचं मौन हाय, साहेब."

"म्हणजे?"

"सोमवार हाय ना!"

"मग तुम्ही बोला!"

"मी बोललो तं तुमच्या कागदात बसते का?"

किसनरावांनी फोन माझ्या कानाला लावला.

"बोल वं बाई," भागीरथा म्हणाली. "महादेव काई रागावत नाही."

ते मलाही ठाऊक होतं. पण माझा शब्द यवतमाळला जाणार, तिथून वर, मग उत्तर खाली येणार. तोवर पऱ्हाटी वाहून गेली असती. मी फोन परत दिला, पदर खोचला आणि विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ खुणेनं मागितला. किसनरावांना वाटलं, घागर पाहिजे.

"गळ म्हनते ती, गळ!" भागीरथा ओरडली. "दारं काढाचे हायेत!"

दोन गळ आले, दोर आले, देवीलालची बैलजोडी आली. पहिलं दार हलेना. तिसऱ्या हिसक्याला ते उचललं गेलं, तेव्हा माझ्याशिवाय सगळे "हर हर महादेव" ओरडले. दुपारपर्यंत सगळी दारं निघाली आणि पाणी नाल्यात उतरलं. पिकाची सहा तासं, म्हणजे ओळी, वाहून गेली, बाकीची पऱ्हाटी चिखलात का होईना, उभी राहिली.

संध्याकाळी साहेब आले. रागावले, पण एकच प्रश्न विचारला. "खालच्या गावाला कळवलंत का?"

कोणी कळवलं नव्हतं. तिथल्या धनसिंगचं पाणी उपसायचं ऑइल इंजिन नाल्याच्या काठावर होतं, ते सुटलेल्या पाण्याच्या गाळात बुडालं होतं.

दिवा लागला तशी मी म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर आहे. ते आमचं चुकलं. पण दारं आता आमच्या समाजमंदिरात राहू द्या, काढू-लावू आम्हीच. काढायची वेळ आम्हाला आधी कळते. आणि खालच्या गावातला एक फोन नंबर द्या."

साहेबांनी नंबर लगेच दिला. दारांचं मात्र वर विचारतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी, भागीरथा आणि गावातल्या आणखी दोघी अशा आम्ही चौघी धनसिंगकडे इंजिनातला गाळ काढायला गेलो. तो आधी आम्हाला भरपूर बोलला. बोलून झाल्यावर त्यानं बायकोला चहा मांडायला सांगितला, आणि स्वतः पाना घेऊन आमच्याजवळ बसला.