क्लेटनच्या वाट्याचं शून्य

“तू नको, मी जातो,” जेरार्ड फेनविक म्हणाला, पण खुर्चीतून काही उठला नाही.

“ती ओळ मी टाइप केली होती,” लोरेटा कोटाची बटणं लावत म्हणाली.

“सही माझी आहे.”

“सही तू न वाचताच करतोस. एकतीस वर्षं बघतेय मी.”

एरवी यावर दोघं हसले असते. इंडियानातल्या त्या गावात त्यांची वकिलीची कचेरी दोन माणसांची. वकील तो, बाकी सगळं ती. अपिलाच्या कोर्टाचा आदेश टेबलावर पडला होता. चार वर्षं लढवलेला खटला, जिंकलेला, आणि आता सगळं मुसळ केरात.

फेडरल कोर्टात असा दावा चालायचा तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या लागतात. ‘प्रतिवादी कंपनी डेलावेअरमध्ये नोंदलेली, मुख्य कचेरी ओहायोत’ ही ओळ लोरेटाने आजवर शेकडो दाव्यांत लिहिली होती. साध्या कंपनीला ती पुरते. पण धान्याची कोठारं चालवणारी ही कंपनी एलएलसी, म्हणजे भागीदारांची मर्यादित जबाबदारीची कंपनी होती, आणि एलएलसीचं राज्य तिच्या भागीदारांवरून ठरतं, एकूण एक भागीदारांवरून. हे लोरेटाला माहीत होतं. तरी सवयीने हात चालला. समोरच्या वकिलांनीही ती ओळ मुकाट मान्य केली. भागीदारांची यादी मागितली ती अपिलाच्या न्यायाधीशांनी, निकाल लागून गेल्यावर. सात जण ओहायोचे निघाले आणि आठवी इंडियानाची. वादीही इंडियानाचीच. म्हणजे त्या कोर्टाला हा खटला ऐकायचा अधिकारच नव्हता, आणि निकाल लागलाच नाही असं धरायचं.

वादी ओनीडा बर्च ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी दार उघडलं ते हाताला पीठ लागलेलंच.

“ये पोरी. तोंड का असं उतरलंय? जेरार्डने पुन्हा बोलणी ऐकवली वाटतं?”

“बसा ना तुम्ही, मिसेस बर्च.”

त्या बसल्या नाहीत. त्यांच्या मागे फ्रिजवर तो कागद चुंबकाने लावलेला होता. ज्यूरीने भरलेल्या निकालपत्राची ती प्रत. ‘दोष किती टक्के: क्लेटन बर्च’ आणि पुढे कुणा ज्यूररने पेनाने काढलेलं एक शून्य, जरा वाकडं, वर नीट न मिटलेलं. कोठारातलं यंत्र दुरुस्त करायला गेलेला त्यांचा मुलगा मक्याखाली गाडला गेला, तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की तो स्वतःच्याच आगाऊपणाने दोर न बांधता आत उतरला. चार वर्षं गावात सगळे हेच बोलत. त्या शून्यानंतर ओनीडाबाई पुन्हा चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागल्या होत्या.

लोरेटाने सगळं सांगितलं. स्वतःची ओळही सांगितली.

“पण ज्यूरीनं ऐकलं ना सगळं?”

“ऐकलं.”

“खोटं काही निघालं का त्यात?”

“नाही हो. काहीच नाही.”

“मग?”

“राज्याच्या कोर्टात नव्याने दावा लावता येतो,” लोरेटा म्हणाली. “मुदत आहे. दोन वर्षं लागतील, फार तर तीन.”

“तीन,” ओनीडाबाई म्हणाल्या. मग हाताचं पीठ एप्रनला पुसत, “ही इंडियानाची भागीदार कोण?”

“हेलन मेर्केल. भावाच्या मृत्युपत्रातून दोन टक्के वाटा आला तिच्याकडे. तिला ठाऊकही नव्हतं, वकिलांनी विचारलं तर ट्रस्टबिस्ट असेल म्हणाली.”

“आपली मिस हेलन? तिसरीत क्लेटनला शिकवायची ती?” त्यांनी खुर्ची ओढली आणि आता मात्र बसल्या. “अगं, तिला स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय ते आठवत नाही. ती कुठली कंपनीची मालकीण!”

दोघी किंचित हसल्या, आणि ते हसणं लोरेटाला फार लागलं.

ओनीडाबाईंनी उठून चुंबक काढला. कागदाची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली. “घेऊन जा. कोर्ट नाही म्हणतंय, तर उगाच भिंतीला कशाला? क्लेटनलाही खोटा मान चालला नसता.”

“खोटा नाहीये तो, मिसेस बर्च.”

“जा आता. ओव्हनमध्ये बिस्किटं आहेत माझी.”

लोरेटा गाडीत बसली, पण तिच्याने किल्ली फिरवेना. चूक कबूल केली की मन हलकं होतं म्हणतात. तिचं झालं नाही. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ओनीडाबाई कोट न घालताच थंडीत बाहेर आल्या होत्या.

“दे तो इकडे.”

लोरेटाने कागद दिला.

“कोर्टाचा नसेल. माझा आहे.” त्यांनी तो एप्रनच्या खिशात सरकवला आणि खिशावर हात ठेवला. “आणि हे बघ, तिच्या वाट्यापायी हे झालं ते हेलनला कळू देऊ नकोस. कोर्टाचा कागद आला तरी तिला इतकं बारीक वाचता येत नाही आता. दर नोव्हेंबरला क्लेटन गेला त्या तारखेला ती पर्सिमनच्या फळांचं पुडिंग घेऊन येते. कळलं तर बिचारी यायची नाही.”

“नाही सांगणार.”

“त्या दिवशी आता ती एकटीच येते गं, बाकी कुणी नाही,” ओनीडाबाई म्हणाल्या, आणि खिशावरचा हात न काढता पायऱ्या चढू लागल्या.