बारीक सुई

आष्ट्याच्या भामाबाईंकडे त्या दिवशी पाहुणे यायचे होते. मुलगा दिग्विजय याच्या लग्नासाठी मुलीकडचे लोक घर बघायला येणार आणि पसंत पडलं तर तिथंच सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवून बाई धार काढायला गोठ्यात गेल्या, आणि गव्हाणीतला कडबा सारखा करताना त्यांच्या हाताला एक इंजेक्शन लागलं.

अशी इंजेक्शनं याआधीही दोनतीनदा सापडली होती. गुरांचा डॉक्टर टाकून गेला असेल, म्हणून बाईंनी ती उकिरड्यावर फेकली होती. म्हशी असलेल्या घरात त्याचा संशय कोण घेणार? पण गेल्या महिनाभरात डॉक्टर आलाच नव्हता. शिवाय याची सुई अगदी बारीक होती. म्हशीच्या कातड्याला टेकताच ती वाकली असती.

चरवी बाजूला ठेवून बाई एकेक गोष्ट आठवू लागल्या. भर वैशाखात दिग्विजय पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत होता. अंगावरचं मांस उतरलं होतं. पोरगा भरतीसाठी पळतोय म्हणून त्यांनी कौतुकानं तूप वाढलं होतं. त्याला झोप नाही, भूक नाही, काही विचारलं की अंगावर धावून येई. मागच्या आठवड्यात हातावर डाग दिसला, तर म्हणाला, "तुझ्या गळ्याची शपथ आई, काटा लागलाय." त्या शपथेवर या माउलीनं विश्वास ठेवला होता.

तेवढ्यात भाऊसो आले. हे बाईंचे मालक, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बाईंनी इंजेक्शन पुढं धरलं.

"आवं, ह्ये आपल्या दिगूचं हाय का?"

भाऊसोंनी आधी रस्त्याकडं पाहिलं. "हळू बोल. मला ठावं हाय."

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. जिममधल्या पोरांनी दम वाढतोय म्हणून टोचायला शिकवलं."

"दिवाळीनंतर तर त्यो शिरवळला कंपनीत हुता न्हवं?"

"कुठली कंपनी! साताऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठिवला हुता. म्हैन्यात पळून आला."

बाईंना डिंकाचे लाडू आठवले. स्वतः वळून त्यांनी ते भाऊसोंबरोबर शिरवळला म्हणून पाठवले होते. "पोरानं लय आवडीनं खाल्लं," असं परत येऊन सांगितलंही होतं या माणसानं! मुलगा खोटं बोलला तो नशेपायी. पण तीस वर्षांच्या जोडीदारानं शुद्धीत राहून फसवलं, याचं दुःख बाईंना जास्त झालं.

"आन त्या परक्याच्या पोरीला का फसवताय?"

"लगीन झालं की येतंय ताळ्यावर. तू तोंड मिटून ऱ्हा."

हे वाक्य आपल्याकडं किती घरांत बोललं जातं! जे डॉक्टरांना जमलं नाही, ते वीस-बावीस वर्षांच्या मुलीनं करायचं. आणि नाही जमलं तर पायगुण तिचाच वाईट.

पाहुणे आले. घर, गोठा, ऊस सगळं पसंत पडलं. कोपऱ्यात दिग्विजय बाह्यांची बटणं लावून मान खाली घालून बसला होता. ताटात सुपारी आली, तशी मुलीची आई भामाबाईंचा हात धरून म्हणाली, "आमची शिवांजली लय गरीब सवभावाची हाय, ताई. लेक म्हणून सांभाळा."

बाईंना तो हात सोडवेना. एकदा लेकाकडं पाहून त्यांनी कनवटीचं इंजेक्शन काढलं आणि ताटात ठेवलं.

"सुपारी फोडू नगा. माझ्या पोराला नशेची सवय लागलीया. तुमची लेक हितं देऊ नगा."

"भामे!" भाऊसो ओरडले. दिग्विजय ताडकन उठला. "आई न्हाईस तू, वैरीण हाईस!"

मुलीच्या वडिलांनी चपला घातल्या. मुलीची आई मात्र दारातून परत फिरली, तिनं बाईंच्या पायाला हात लावला आणि मग ती गेली.

त्या दिवसापासून भाऊसोंनी बोलणं टाकलं. चार दिवस समजूत घालून, रडून, शेवटी उपाशी बसून बाईंनी लेकाला तयार केलं. पाचव्या दिवशी दोघं एसटी स्टँडवर उभी होती. बाईंच्या काखेत लाडवांचा डबा होता. शेजारची साळूबाई भेटली.

"काय गं, पोराला शिरवळला सोडाया निघालीस व्हय?"

दिग्विजयनं आईचा पदर ओढला. बाईंनी त्याचा हात घट्ट धरला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"न्हाई. साताऱ्याला, व्यसनमुक्ती केंद्रात. पोरगं आजारी हाय माझं."