दादा टेबलावर

दादाला स्ट्रेचरवरून आमच्या टेबलावर सरकवलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. गावात इतके दवाखाने पडलेत आणि हा नेमका माझ्याच पुढ्यात कसा येऊन पडला, असा राग.

मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं तिथं छाती कापतात. काही कापत नाहीत. मनगटातून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून रंग सोडतात, आणि तो रंग कुठवर जातो नि कुठं अडतो ते एक्स-रेच्या पडद्यावर बघतात. नळी डॉक्टर घालतात. मशीन मी फिरवते, चित्रं मी साठवते, आणि जाड काचेमागे बसून माइकवरून पेशंटला सांगते: श्वास घ्या, धरा, सोडा. नाव डॉक्टरांचं होतं आणि कंबर आमची मोडते. शिशाचा एप्रन अंगावर घालून दिवसभर आतबाहेर करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

डॉक्टर हात धुवून आले. मी म्हटलं, "सर, हा माझा सख्खा भाऊ आहे."

"दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही. दुसरी रजेवर आहे."

आम्ही कधीपासून तिसरा माणूस मागतोय. ऑफिसवाले म्हणतात, बघू. बघतातच आहेत अजून.

"मग तुलाच करावं लागेल. जमेल?"

"न जमून सांगते कुणाला?"

"मग ऐक. तू आहेस हे त्याला कळू देऊ नकोस. अटॅक मोठा आहे. ओळख पटली की माणूस बोलायला लागतो, उठायला बघतो, नाडी चढते. सगळं झालं की भेट त्याला. पोटभर भेट."

हे काही त्यांनी माझ्यासाठी नवीन काढलं नव्हतं. आमच्यात सगळेच पाळतात. आपलं माणूस टेबलावर आलं की टोपी खाली, मास्क वर आणि तोंड बंद.

मला तरी कुठं त्याच्या गळ्यात पडायचं होतं? मला त्याच्याशी भांडायचं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मला दिवस गेले होते आणि ते टिकले नाहीत. घरी येऊन अंथरुणावर पडले होते. बघायला सासू, जाऊ, शेजारणी असा सगळा गोतावळा जमलेला. दादा आला, दारातच उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "लोकांची हाडं बघत बसलीस आणि स्वतःचं पोट जाळून घेतलंस." झालं. एकानेही त्याला गप्प केलं नाही. जाऊबाईंनी तर मान हलवली.

खरं काय होतं? दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मी एक्स-रे मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मला बाहेर, नाव लिहून घ्यायच्या खिडकीत बसवलं होतं. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कशाने झालं ते सांगता येत नाही, कितीतरी जणींचं होतं. पण हे मी दादाला सांगितलं नाही. पोर गेलेल्या बाईने अंथरुणातून उठून पुरावे द्यायचे का? मी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. नंतर मूल राहिलं नाही ते नाहीच. मी त्याचा उंबरा पुन्हा चढले नाही, त्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा नाही. एक दिवस त्याला समोर बसवायचं आणि हे सगळं त्याच्या तोंडावर मारायचं, एवढं एकच मनात धरून होते. तो म्हणेल, चुकलो. मग पुढचं पुढं.

आणि आता तो समोर होता, चादरीखाली उघडा, दाढीची खुंटं पांढरी झालेली. म्हातारा कधी झाला हा?

"काय गारठा आहे हो!" तो सिस्टरला म्हणाला. "इथं माणसं ठेवता की आइस्क्रीम?"

"मशीन तापतं म्हणून एसी लावलाय," सिस्टर म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, आजोबा."

"आजोबा? अहो, दोन नातवंडं आहेत म्हणून लगेच आजोबा?"

सिस्टर हसली. दादा असाच. छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखत असेल, घाम गळत असेल, तरी बडबड चालू. मी काचेमागून माइकचं बटण दाबलं. "हात हलवू नका."

"हो मॅडम," तो म्हणाला.

आमचा स्पीकर जुना आहे, त्यातून कुणाचाही आवाज पत्र्यासारखाच येतो. तरी मला ते लागलं. सख्ख्या बहिणीला मॅडम.

रंग सोडला. पडद्यावर त्याचं हृदय उलगडलं. डावीकडची मोठी रक्तवाहिनी, जिच्यातून त्या बाजूच्या बाकी सगळ्या फुटतात, ती मुळापाशीच दोऱ्याएवढी झाली होती. डॉक्टर रोज काम करता करता क्रिकेटवर बोलतात. ते बोलायचे थांबले. आमच्याकडे डॉक्टर गप्प झाला की समजून घ्यायचं.

"हे एक्स-रे वाईट असतात ना हो?" दादा सिस्टरला विचारत होता. "माझी बहीण याच कामात आहे. हट्टी. कुणाचं ऐकलं नाही. वाटोळं करून घेतलं स्वतःचं."

माझ्या कानशिलात कुणीतरी मारावी तसं झालं. मरणाच्या दारात पडलाय, आणि अनोळखी बाईला माझं वाटोळं सांगतोय! मी दात खाऊन बटण दाबलं. "श्वास घ्या. धरा."

त्याने धरला. रंग गेला, चित्र आलं, साठवलं. आणि माझ्या डोक्यात तेच चालू. वाटोळं म्हणे. कुणी केलं वाटोळं?

एक्स-रेवाल्यांकडूनच होते अशी एक चूक आहे. 'धरा' म्हणायचं आणि 'सोडा' म्हणायला विसरायचं. त्याने काही बिघडत नाही. जीव घुसमटला की माणूस आपोआप सोडतो. पण दादा सोडेना. गाल फुगवून, डोळे वटारून, पडूनच.

"अहो, श्वास घ्या की!" सिस्टर ओरडली.

दादाने भस्सकन हवा सोडली. "मॅडम बोलल्या नाहीत," तो धापा टाकत म्हणाला. "म्हटलं, मॅडमचं काही असेल."

सिस्टर हसली. डॉक्टरसुद्धा हसले. आणि मी, जिचं काळीज रागाने धडधडत होतं ती मी, फिस्सकन हसले. बटणावरचा अंगठा काढायचा राहून गेला होता. माझं ते नाकातून फुरफुरणारं हसणं, ज्याच्यावरून लहानपणी हाच मला घोडी म्हणायचा, ते जसंच्या तसं खोलीभर वाजलं.

दादाचा चेहरा बदलला. त्याने मान वळवून काचेकडे बघितलं. काचेत त्याला दिव्यांशिवाय काही दिसत नसणार.

"ढमे?" तो म्हणाला. "ढमे, तू आहेस का गं?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. नळी नेमकी त्या अरुंद तोंडाशी होती. त्यांनी मागे न बघता एक बोट वर केलं आणि हलवलं. नाही.

मी बटण दाबलं. "बोलू नका," मी म्हटलं. "मान सरळ ठेवा."

मान सरळ करून तो म्हणाला, "बरं, मॅडम." मॅडम हा शब्द त्याने मुद्दाम लांबवला, चिडवताना लांबवायचा तसा. म्हणजे त्याने मला ओळखलं होतं. आणि ओळखूनही माझं ऐकलं.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. प्रेशरची रेघ उतरायला लागली, ती मीच आधी बघितली, मीच ओरडले, "सर, प्रेशर!" मग नाडीची रेघ वेडीवाकडी झाली. मी एप्रनसकट आत धावले. मशीनचा मोठा हात छातीवरून मागे ओढायचा, टेबल बाहेर काढायचं, म्हणजे दाबायला जागा होते. हे माझं काम. केलं. शॉक दिले. दाबलं. पुन्हा दिले. घाम पुसायला कुणी थांबलं नाही. शेवटी डॉक्टरांनी हात काढले आणि घड्याळाकडे बघितलं.

"तू बरोबर वागलीस," ते मला म्हणाले. "तो हलला असता तर आपल्या हातून गेला असता."

"आता कुणाच्या हातून गेला?" मी विचारलं. ते हातमोजे काढायला लागले. माणूस वाईट नाहीत ते. नियमही चुकीचा नाही. म्हणूनच डोकं फिरतं. कुणाची तरी गचांडी धरावी तर समोर कुणीच नाही.

बाहेर बाकावर वहिनी होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडेच बघितलं, आधी कपड्यांकडे, मग तोंडाकडे.

"तू होतीस आत?"

"हो."

"बोलला तुझ्याशी?"

"बोलायला लागला होता. मी गप्प केलं."

माझ्याच्याने राहवेना. तिथंच, त्या बाकापाशी, नवरा गेलेल्या बाईला मी सांगितलं, की वहिनी, तेव्हा मी मशीनजवळ गेलेच नव्हते, मी खिडकीत बसत होते, मी काही जाळलं नाही.

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "भावोजींनी सांगितलं होतं तेव्हाच. घरी येऊन."

"दादाला?"

"त्यांनाच तर."

"मग तो आला का नाही माझ्याकडे?"

"कुठल्या तोंडाने येणार होते?" ती रडतच म्हणाली. "गाडी काढायचे, तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे. तू तरी एकदा यायचंस ना गं."

म्हणजे माझ्या नवऱ्याने मला न विचारता जाऊन सांगितलं होतं आणि येऊन तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे दादाला सगळं ठाऊक होतं. तरी टेबलावर पडल्यापडल्या परक्या बाईला तो माझंच वाटोळं सांगत होता, कारण खरी गोष्ट सांगायची तर त्यात स्वतःचं नाव घ्यावं लागलं असतं. असली माणसं असतात. चांगली माणसंच असतात ती.

मी वहिनीला हाताला धरून आत नेलं. सिस्टरने त्याचं तोंड पुसून चादर नीट केली होती. मला बघून ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. वहिनी त्याच्या पायांशी टेकली. मी मास्क काढला, टोपी काढली, आणि दादाशी भांडायला लागले. मोठ्याने. गल्लीच्या तोंडावरून परत जायला लाज नाही वाटली का, म्हटलं. मला ढमी म्हणणारं आता कोण उरलं, म्हटलं. पोर गेलं त्या दिवशी काय बोलला होतास ते पुन्हा बोल, म्हटलं, बोल माझ्या तोंडावर. वहिनीने मला थांबवलं नाही. न्यायला माणसं आली तरी माझं संपलं नव्हतं.