कागदावरची आई

"कागदावर तुझी आई दोन वर्षांपूर्वीच मेलीय," मी वासितीला म्हणाले. "आता परत मेली म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार आहेस?"

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी भोपळा चिरत होते. वासिती दारात उभी होती, हातात फोन. कंदावू बेटावरून भावाचा निरोप आला होता. आई पहाटे गेली, गुरुवारी पुरणार, लगेच निघ.

आम्ही दोघी फिजीच्या. मी लंबासाच्या उसाच्या मळ्यातली, ती कंदावूची कोळीण. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ गावच्या या आश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊ घालण्यात तिची अकरा वर्षं गेली, त्यांना जेवू घालण्यात माझी. तिच्या लोकांत आईची थोरली बहीण मावशी नसते, तीही आईच. वासितीला वाढवलं त्या मोठ्या आईनंच. ती वारली तेव्हा रजेच्या अर्जात नात्यापुढे हिनं सरळ 'आई' लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. आणि आता जन्म दिलेली गेली होती.

"लॉरेनला सांगते ना," वासिती म्हणाली. लॉरेन आमची मॅनेजर. "दोन आया आहेत म्हणून मागं बोलले होते वाटतं मी तिच्याशी."

"वाटतं! त्या मेरेसेनीनं आजीसाठी रजा मागितली तेव्हा लॉरेन काय म्हणाली, विसरलीस? 'तुमच्या बेटांवर आज्या फार मरतात बुवा.' आज्यांचं हे, मग आयांचं काय होईल?"

बुधवारी वासितीची मुलाखत होती. कंपनी सगळ्या आश्रमांतून एकाच कामगाराला नर्सिंग कॉलेजात घालणार होती. फी कंपनीची, अभ्यासाला आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी. वासितीनं दोनदा अर्ज करून हात हलवत परत येणं सोसलं होतं. या खेपेला शेवटच्या दोघींत तिचं नाव होतं. वय त्रेचाळीस, पुढं कोण विचारणार होतं? दुखण्यानं कण्हणाऱ्या म्हाताऱ्याचा हात धरून ती नर्सची वाट बघत बसायची. गोळ्या समोरच्या कपाटात, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. त्या किल्लीसाठी तिचा जीव तुटायचा.

"मुलाखत आटपून निघाले तर गुरुवारपर्यंत पोचणार नाही गं," ती म्हणाली. "पेटी झाकण्याआधी मुलांनी आईच्या कपाळाचा मुका घ्यायचा असतो, दीदी."

"फोनवर बघ तोंड. खोटारडी ठरलीस तर कॉलेजही गेलं आणि नोकरीही."

असं मी म्हणाले. माझी जीभ झडली कशी नाही!

बुधवारी मुख्य कचेरीची बाई आली. चहा घेऊन मीच आत गेले.

"नर्सच का व्हायचंय?" बाईनं विचारलं.

"आई म्हणते..." वासिती अडखळली. "म्हणायची, कुणाचं दुखणं नुसतं बघत उभी राहू नकोस, हात लाव."

"दोन वर्षांपूर्वी गेल्या ना त्या? फाईलमध्ये वाचलं मी. आज असत्या तर किती खूश झाल्या असत्या."

"हो," वासिती म्हणाली. मी चहाची बशी बाईसमोर ठेवली.

गुरुवारी सकाळी ती मिसेस फेन्विकला न्हाऊ घालत होती. मी बाजूला फोन धरून उभी. ओसरीवरच्या चटया दिसल्या, पेटीचा एक कोपरा दिसला, मग चित्र भावाच्या पाठीवर येऊन अडकलं. भजन मात्र ऐकू येत राहिलं. वासितीनं म्हातारीचे केस पुसले, विंचरले, भांग पाडला. भजन संपलं तसं वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतला.

"आज काय गं विशेष?" म्हातारी हसली.

"काही नाही. केस छान झालेत आज."

बाहेर येऊन मी ओट्याला टेकून रडले. ती रडली नाही, पुढच्या खोलीत गेली.

दहा दिवसांनी पत्र आलं. निवड वासितीची. लॉरेन केक घेऊन स्वयंपाकघरात माझ्याकडे आली, भलतीच खुशीत.

"शिवा, तू सांग तिला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी घरी जाऊन ये म्हणावं. एकदा आईला भेटून येईल."

"कुठल्या आईला?" मी विचारलं.

"दुसऱ्या. दोन आया आहेत ना तिला? पहिल्या रजेच्या वेळीच सांगितलं होतं तिनं. दुसरीच्या वेळीही पूर्ण रजा द्यायची, असं मी इथल्या रजेच्या वहीत लिहून ठेवलंय. कोण नवा मॅनेजर आला तर उगाच घोळ नको."

मी सुरी शोधायला लागले. सुरी माझ्या हातातच होती.

तेवढ्यात वासिती पत्र घेऊन आली आणि माझ्या गळ्यात पडली. "दीदी, तू अडवलं नसतंस तर मी सगळं सांगून बसले असते," ती कानाशी म्हणाली. मग रडली, त्या दिवसाचंही रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. लॉरेनला वाटलं, आनंदाचे अश्रू. तिनं केक कापला.

या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली. औषधांच्या कपाटाची किल्ली हल्ली वासितीच्या खिशात असते. चर्चमध्ये नवी फिजीची पोर भेटली की ती माझ्याकडे बोट दाखवते, "या दीदीनं तोंड बंद ठेवायला शिकवलं, म्हणून मी नर्स झाले."

मी अजून बंदच ठेवलंय.