तिसऱ्या गल्लीतले दोन थेंब

मी दहावी नापास आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक हमखास विचारतात, "पण हे सगळं शिकलात कुठे?" लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानात शिकले. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या हाताखाली. फाटलेला कागदी कोन चिकटवायचा, जळलेली कॉइल सोडवायची, केसासारखी तार नव्याने गुंडाळायची, आणि चुकलं की मानेवर चापट खायची. अप्पा गेले, दुकान मला राहिलं. गिऱ्हाईक अजूनही दारात उभं राहून विचारतं, "मिस्त्री आहेत का?" मी म्हणते, "बोला." ते माझ्या पाठीमागे बघतात.

घरात मला भोंगा म्हणतात. आवाजामुळे. त्यात खोटं काही नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती शिकली. इस्पितळात नवजात बाळांच्या कक्षाला लागून एक चिंचोळी खोली आहे, तिथे ती रक्त तपासते. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं असतात त्या कक्षात, एक किलोची, सव्वा किलोची. त्यांच्या टाचेला टोचून ताई रक्त काढते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. चार तपासण्या असल्या की मोठ्या यंत्राला चार वेगळे नमुने लागतात, आणि त्यातलं बरंचसं रक्त न वापरताच टाकलं जातं. यंत्र मोठ्या माणसांसाठी बनवलंय. बनवणाऱ्यांच्या डोक्यात सव्वा किलोचं माणूस आलंच नाही. हे सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे. सगळे हळहळतात आणि सगळे टोचत राहतात.

मला याची चीड येते. ताईला येत नाही. ती मोजते.

"खिडकीजवळचं बाळ आहे ना," ती एकदा दुकानात बसून म्हणाली, "त्याच्या अंगात सगळं मिळून चहाच्या कपाएवढं रक्त आहे. त्याचा दहावा हिस्सा मी या आठवड्यात काढला. तपासायला."

मी त्या वेळी एक ट्विटर उघडून बसले होते. ट्विटर म्हणजे बारीक किणकिणत्या आवाजाचा छोटा स्पीकर. त्याच्या चुंबकाच्या फटीत काळं तेल असतं, कॉइल तापू नये म्हणून. तेलात लोखंडाची इतकी बारीक पूड असते की ती कधी खाली बसत नाही. चुंबक जवळ नेलं की तेल अंगावर काटे उभे करून धावत येतं. मी ते सिरिंजने ओढून घेत होते आणि एक टिपका काचेवर पडला. तिथे ताईच्या बाटलीतल्या पाण्याचा थेंब आधीच होता. तेल पाण्यात मिसळलं नाही. त्याने पाण्याच्या थेंबाच्या पायाशी गोल काळं कडं केलं. मी सहज चाळा म्हणून काचेखालून चुंबक सरकवलं.

पाण्याचा थेंब चालायला लागला.

"थांब," ताई म्हणाली. "परत कर."

मी परत केलं. थेंब पुढे गेला, वळला, मागे आला. आत पाणी तसंच स्वच्छ, आरपार. ताईने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला टेकेपर्यंत वाकली.

"याला दुसऱ्या थेंबाला नेऊन भिडवता येईल?"

"येईल की. त्यात काय."

त्या 'त्यात काय'ने आमचे सात महिने खाल्ले.

ताईचं म्हणणं साधं होतं. बाळाच्या टाचेचा एकच थेंब घ्यायचा. तो यंत्रात गरगर फिरवला की वर पिवळसर पाणी येतं. त्याचे चार इवले थेंब करायचे, प्रत्येकाला एका वेगळ्या औषधाच्या थेंबाशी मिसळायचं, आणि रंग बघायचा. चार नमुन्यांऐवजी एक टोचा. पण एवढासा थेंब माणसाच्या हाताने हलवला की अर्धा हातालाच लागतो, म्हणून चुंबक.

मी काचेवर नळवाल्यांची पांढरी टेप ताणून बसवली, तिच्यावर पातळ तेलाचा हात फिरवला, म्हणजे थेंब अडकत नाही. खाली सोळा कॉइली. चार गल्ल्या, एकेका गल्लीत चार. वीज दिली की कॉइलचं चुंबक होतं, आणि थेंब पळत तिच्यावर येऊन बसतो. शेजारची चालू केली, ही बंद केली, की थेंब शेजारी. गल्लीच्या एका टोकाला बाळाचा थेंब, दुसऱ्या टोकाला औषधाचा, दोघांनी मध्ये यायचं आणि एक व्हायचं.

दोघं मध्ये यायचे. एक व्हायचे नाहीत. एका नखाचं अंतर ठेवून थांबायचे, वर एकमेकांपासून मागे झुकायचे. मी वीज वाढवली, ते आणखी झुकले. एक कॉइल बंद केली, तर शेजारच्या कॉइलीची ओढ तिच्यावर बसलेल्या थेंबातच अडकली, आणि सुटलेला थेंब जागच्या जागी लोळत राहिला.

"लग्नाला उभे केलेत आणि मुलगी नको म्हणतेय," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. मदत म्हणून यायचे आणि बिस्किटं संपवायचे.

शेवटी ताई सुईच्या टोकाने ढकलायची. ढकललं की मिसळायचे. पण तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं: सुई चालणार नाही. हात लागला की दर वेळी वेगळं होणार. मंगळवारी अकरा वाजता सुईशिवाय दाखवा. नाहीतर खिडकीखालचं टेबल रिकामं करा, तिथे नवं मोठं यंत्र येतंय.

म्हणजे तेच. आणखी मोठं.

मंगळवारी सकाळपर्यंत आमच्याकडे सुईशिवाय काही नव्हतं. तरी निघालो. दाजींच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर पेटी.

"हळू घ्या हो," मी म्हटलं.

"हळूच आहे," दाजी म्हणाले, आणि गतिरोधकावरून आम्ही उडालो. पेटीत काहीतरी टक्‌ झालं.

चिंचोळ्या खोलीत पेटी उघडली. तिसऱ्या गल्लीतल्या मधल्या दोनांपैकी एका कॉइलीची दोन्ही टोकं सुटली होती. काही हरकत नाही, डाग द्यायची, म्हणजे कथिल वितळवून तार चिकटवायची इस्तरी बरोबर होती. पण मी इस्तरी तापायला ठेवून हात धुवायला गेले, तेवढ्यात ताईने पेटी स्पिरिटने पुसून काढली. आतून, बाहेरून, तारांसकट. बाळांच्या कक्षाजवळ कुठलीही वस्तू आली की ती पुसतेच. तिचे हात तिला विचारत नाहीत.

"ताई, लाल खुणा कुठे गेल्या?"

"कसल्या खुणा?"

"तारांवरच्या. मार्करच्या. कुठलं टोक प्लस ते कळायला."

ताईने हातातल्या कापसाकडे पाहिलं. कापूस गुलाबी झाला होता.

बाकीच्या कॉइली जोडलेल्याच होत्या, प्रश्न एकीचाच. दोन सारखी तांबडी टोकं, आणि दारात मॅडम. मी एक अंदाज केला आणि डाग दिला.

मॅडमबरोबर बाळांचे डॉक्टर होते आणि खरेदी विभागाचे साहेब होते. साहेबांच्या हातात टेप होता. ते आल्याआल्या आमचं टेबल मोजायला लागले. आम्ही टेबलाशी उभ्या असताना.

"या कोण?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"माझी बहीण. कॉइली तिने केल्यात," ताई म्हणाली.

"इंजिनियर?"

"स्पीकरवाली," मी म्हटलं. "टेप काढा तिथून, थेंब हलतील."

ताईने माझा पाय दाबला. डॉक्टर खोकले, पण ते हसणं होतं.

ताईने थेंब ठेवले. चार पिवळे, चार औषधाचे, आठांच्या पायाशी काळं कडं. हे काम ती असं करते की बघत राहावं. मी बटणं दाबायला घेतली. आठही थेंब निघाले, दोन्हीकडून, एका चालीत. डॉक्टर वाकले. मध्ये आले. मधल्या आठही कॉइली चालू. थांबले.

पहिली गल्ली, नखाचं अंतर. दुसरी, नखाचं अंतर. चौथी, तेच.

तिसऱ्या गल्लीत दोन थेंबांनी एकमेकांकडे मान केली, थरथरले, आणि एका झटक्यात एक झाले. मी पापणी मिटली असती तर हुकलं असतं. आतून गुलाबी रंग उमलत वर आला.

ताईचा हात सुईकडे जाता जाता हवेतच राहिला.

"चारातला एक," खरेदीवाले साहेब म्हणाले. "योगायोग."

माझ्या डोक्यात मात्र खडखडाट सुरू झाला होता. अप्पांचा हात मानेवर पडतोय. 'सगळे एका फेजमध्ये. एक आत, तर सगळे आत. एक बाहेर, तर सगळे बाहेर.' दहा स्पीकर असोत, प्लसला प्लस जोडायचं, नाहीतर ते एकमेकांचा आवाज खातात. हे माझ्या हाडात आहे. म्हणून सोळाच्या सोळा कॉइली मी न विचारता एका दिशेने जोडल्या होत्या. म्हणजे प्रत्येक थेंब एकाच दिशेचं चुंबक झाला होता. आणि दोन चुंबकं, दोघांचं उत्तर टोक वर करून शेजारी उभी केली, की काय करतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. एकमेकांना ढकलतात. सात महिने मीच त्यांना ढकलत होते. अगदी बरोबर जोडून.

"तो चुकून झाला," मी म्हटलं.

ताईने पाय इतका दाबला की चप्पल वाकली.

"काय म्हणालात?" मॅडम.

"तिसरी गल्ली मी चुकीची जोडलीय. उलटी. म्हणून ती चालली. या तीन बरोबर जोडल्यात, म्हणून चालत नाहीयेत."

"ऐका," साहेब म्हणाले. "स्वतःच सांगतायत चूक आहे म्हणून."

"हो, सांगतेय. तुम्ही कधी सांगितलीय?"

मॅडमनी एक खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. उभ्याने बघायला आलेलं माणूस बसलं की समजावं.

"जे चुकून झालं," त्या म्हणाल्या, "ते आता मुद्दाम करून दाखवा. पहिल्या गल्लीत."

इस्तरी गरमच होती. मी पहिल्या गल्लीची मधली एक कॉइल सोडवली. टोकं उलटी केली, डाग दिला, फुंकर मारली. ताईने नवे थेंब ठेवले. चालले, आले, समोरासमोर झाले, आणि मी बटण दाबलं.

झटक्यात एक. निळा.

"दुसरी," मॅडम म्हणाल्या.

दुसरी. पिवळ्याचा हिरवा झाला. चौथ्या गल्लीला डॉक्टर म्हणाले, "मी दाबू का बटण?" आणि त्यांनी पोरासारखं ओठ मुडपून दाबलं. जांभळा. चार गल्ल्या, चार रंग, सगळं मिळून एका टाचेच्या थेंबात बसेल एवढं, आणि सुई टेबलावर तशीच पडलेली.

"पण मग पहिलं जोडणं टाकून द्यायचं का?" डॉक्टरांनी विचारलं. "उलटंच ठेवायचं?"

"नाही ना," मी म्हटलं, आणि तेव्हाच मला पुढचं दिसलं, आणि ज्या आवाजावरून घरी माझं नाव पडलंय तो चढला. "दोन्ही पाहिजे. सुलटं असलं की थेंब एकमेकांना अंतरावर ठेवतात. काचेवर किती का थेंब भरा, वाटेत कुणी कुणात मिसळणार नाही. आपण सांगू तेव्हाच उलटं करायचं, तेव्हाच जोडी जमणार. एक स्विच लागेल फक्त. स्विच तर माझ्या दुकानात पसाभर पडलेत."

खरेदीवाल्या साहेबांनी टेप गुंडाळला. सावकाश, शेवटचा इंचही.

"पंधरा दिवस," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या तपासण्यांतून उरलेल्या रक्तावरच. प्रत्येक आकडा मोठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून. जमले आकडे, तर पुढे बोलू. टेबल तोवर हलणार नाही." मग माझ्याकडे बघून, माझ्या पाठीमागे नाही, माझ्याकडे: "मिस्त्री, तुम्ही रोज येऊ शकाल?"

"येईन," मी म्हटलं.

दारात कक्षातली सिस्टर उभी होती. कधीपासून कुणास ठाऊक. तिची नजर चार रंगांवर होती.

"खिडकीजवळच्या बाळाचं दुपारचं," ती ताईला म्हणाली. "टोचायचं की नाही?"

मी ताईकडे पाहिलं. मी तिच्या जागी असते तर नाही म्हणाले असते, तिथल्या तिथे.

"टोचायचं," ताई म्हणाली. "आजचं टोचायचंच. हे अजून सिद्ध झालेलं नाही." तिने हात धुतले, एकेक बोट, कोपरापर्यंत. दाराशी जाऊन ती वळली. डोळे भरले होते, पण हात ओले होते म्हणून पुसता येत नव्हते.

"भोंग्या, मी येईपर्यंत चारही गल्ल्यांना स्विच बसव."

"आणि लाल खुणा?"

"नेलपॉलिशने कर," ताई म्हणाली. "मार्कर मी पुसणारच आहे."