दुधाची गंगा

बांधाच्या पायथ्याशी ही गर्दी! बाटल्या, कळश्या, तांबे घेऊन पार आटपाडीपासनं आलेल्या बायाबापड्या रांगेत उभ्या. संस्थानच्या काळातल्या गावतळ्याच्या त्या म्हाताऱ्या मातीच्या बांधातून म्हणे दूध झरत होतं.

"काशी की गंगा जमिनीखालून आली, माई! मूळव्याध, मूलबाळ, मुकदमा, तिन्हींवर एकच घोट!" दूधगिरी महाराज गरजत होते. रोज पूजेसाठी ते बांधातल्या त्या भोकापुढं पडदा लावायचे, आत पहार चालवायचे. मग धार वाढली की, "प्रसन्न झाली!"

गावातला नाथाजी पूर्वी फौजेत पूल-बांध बांधणाऱ्या पलटणीत हवालदार होता. ती धार बघताच त्यानं ओळखलं. बांधातून नितळ पाणी पाझरलं तर एक वेळ चालतं, पण गढूळ आलं की बांध आतून पोखरतोय. दूध कसलं डोंबलाचं! बांधाच्या पोटातली पांढरी माती वाहत होती.

"आवं, तळ्याची मोरी उघडून पाणी जरा उतरवू, भोकावर वाळू-खडी दाबू. आठ दिसांचं काम हाय," तो सरपंच नानासोंना म्हणाला.

"गंगंच्या तोंडात खडी घालतुस व्हय रं?" नानासो डाफरले.

आणि त्या तळ्याशिवाय कोसभर दुसरं पाणी नव्हतं. मेंढरं तिथंच प्यायची, काळविटं तिथंच उतरायची. पाण्यातल्या बाभळींवर करकोच्यांची घरटी होती, पिल्लांना अजून पंख फुटायचे होते. नाथाजीनं तालुक्याला तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

शेवटी त्यानं विहिरीत टाकायचं जांभळं औषध आणलं आणि सगळ्यांदेखत भोकाच्या समोर, तळ्याच्या बाजूनं पाण्यात ओतलं. घटकाभरात गंगा जांभळी झाली.

"बघा! काशीची न्हाई, ह्याच तळ्याची हाय!"

माणसं वाकून धार बघू लागली. नाथाजीला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात महाराज किंचाळले, "माई ने रूप बदला! दर्शन लो!" झालं! दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट. नाथाजीला हसावं की रडावं कळेना.

पाचव्या दिवशी भर दुपारी बांध फुटला. रांग जेवायला पांगली होती म्हणून माणसं वाचली. महाराज तेवढ्यात पसार. सगळं तळं ओढ्यानं निघून गेलं, चिखलात मासे तडफडले. पिल्लं दोन दिवस घरट्यांत ओरडत होती. मग ओरडायची थांबली.

आवाज थांबला त्या संध्याकाळी नाथाजीच्या बायकोनं, बनुबाईनं, देव्हाऱ्यातली बाटली आणून दाखवली. "आवं, ह्यातलं दूध कुठं गेलं?"

वर नितळ पाणी होतं. तळाशी तीन बोटं पांढरी माती.

"ह्यो आपला बांध," नाथाजी म्हणाला. "घरोघरी वाटून घेतला आपण."

बनुबाईनं विचारलं, "आदी का न्हाई सांगितलंसा?"

सांगितलं होतं. त्यानं बाटली परत देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

बाबांनो, एवढंच करा. चमत्काराला हात जोडायच्या आधी त्याला एक रात्र बाटलीत निवांत ठेवा. सकाळी तळाशी काय बसलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि बघाल ते तळं असेतोवर बघा.