कोणाच्या वतीने

ओझीट पीत्रने हिरव्या कार्डावर सही केली ती राजधानीला नेणाऱ्या बसमध्येच, एका हातात गरम सॉसेज धरून. विमा आयुक्तांच्या कचेरीतली मुलगी म्हणाली होती, "मावशी, तुमच्या घरांसाठीच आहे हे विधेयक. पाठिंब्याचं कार्ड आहे, नाव लिहा, बाकी मी भरते." बाकी म्हणजे एकच रकाना होता : कोणाच्या वतीने. मुलीने लिहिले, किनाऱ्यावरील घरमालक.

आता राजधानीतल्या विधिमंडळ समितीच्या थंडगार सभागृहात तिला त्या विधेयकाचा अर्थ कळत होता, आणि तो सांगत होता स्वतः आयुक्त, लायल दोमँग.

याच लायलच्या पहिल्या निवडणुकीत खाडीकाठच्या अंगणाअंगणांत तिने त्याच्या नावाच्या पाट्या ठोकल्या होत्या. चर्चच्या मांडवात खेकडे उकळत होते, आणि बाकावर चढून तो ओरडला होता, "तीन वर्षं घराच्या विम्याचा हप्ता भरलात की कंपनी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही! या नियमाला हात लावणाऱ्यानं आधी माझ्या अंगावरून जावं!" त्या एका वाक्यावर तो तीनदा निवडून आला. गेल्या वादळानंतर कंपनीला ओझीटला सोडता आले नाही, तेही त्याच नियमामुळे.

"दार बाहेर पडायला उघडंच नसेल," लायल माइकवर शांतपणे म्हणाला, "तर आत तरी कोण येईल? कंपन्यांना ग्राहक सोडायची मुभा द्या, नव्या येतील. तीन वर्षांचा नियम जायलाच हवा."

"अल्सीद," तिने शेजारच्या म्हाताऱ्याला कोपराने ढोसले, "हा आपल्यालाच बाहेर काढतोय."

"आणि आपण त्याला पाठिंबा दिलाय," अल्सीद पुटपुटला. "सॉसेज मात्र बरं होतं."

तिला हसू आले नाही. ओहोटीनंतर खाडीचा चिखल उघडा पडावा, तसे तिच्या आत काहीतरी उघडे पडले होते : काळे, जुने, उग्र वासाचे. ती उठून कारकुनाच्या टेबलाशी गेली आणि तिने आपली सही परत मागितली.

"लाल कार्ड भरा," कारकून म्हणाला, "म्हणजे हिरवं रद्द होतं. पण एकही रकाना रिकामा नको. अध्यक्ष सगळं मोठ्यानं वाचतात."

लायल लगबगीने आला. "मावशी, हे काय? घरी येऊन सगळं समजावतो ना मी."

"कुठल्या घरी? माझं घर पाण्याच्या तोंडाशी. जुन्या कंपनीनं टाकलं, तर कोणती नवी घेणार ते? नाव सांग एकीचं."

लायलने टायची गाठ चाचपली.

"राजकारणात भूमिका बदलावी लागते, मावशी."

"बदल की! माणसं बदलतात, त्याचा राग नाही. पण तू माझ्या सहीनं बदललास, मेल्या."

तिने पेन उचलले. नाव लिहिले. विरोधाच्या चौकटीत खूण केली. शेवटच्या रकान्यापाशी हात थबकला; मग कागद फाटेल इतका जोर देऊन तिने लिहिले.

अध्यक्षांनी हिरव्या कार्डांचा गठ्ठा वाचून संपवला. त्यात तिचे नाव नव्हते. मग त्यांनी एकुलते एक लाल कार्ड उचलले आणि चष्मा सावरला.

"ओझीट पीत्र. विरोध. कोणाच्या वतीने..." ते अडखळले. "लायल दोमँग, पहिल्या निवडणुकीतला."

सभागृह खदखदून हसले. खाली मान घातली होती ती एकट्या आयुक्तांनी.

"हसू नका," ओझीट म्हणाली. "त्या माणसाला मी ओळखत होते."

मतदान झाले, विधेयक मंजूर झाले. बाहेर आयुक्तांच्या बसचे दार उघडे धरून कचेरीतली ती मुलगी हाका मारत होती, "मावशी, चला!" ओझीटने तिच्याकडे पाहिलेही नाही. भर उन्हात ती हमरस्त्याच्या कडेने, खाडीच्या दिशेने चालू लागली. थोड्या वेळाने मागून अल्सीदची काठी ऐकू आली.